मणक्याच्या ऑपरेशननंतर चालायला सुरुवात: घर चढावर, त्यात पाऊस

दूर्वा_फोंडा:

बाबांचं (वय ६१) मणक्याचं ऑपरेशन होऊन आज दहावा दिवस. एल४-एल५, म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी उजवीकडे सरकून नस दाबली गेली होती. छोट्या छेदातून तेवढाच तुकडा काढलाय, स्क्रू-पट्टी काही नाही. घरी पाठवताना कागदावर ‘चालणे - सोसेल तसे’ एवढंच लिहिलंय. सोसेल तसे म्हणजे किती?

ऑपरेशनच्या आधी ते रोज चार किलोमीटर चालायचे, त्यामुळे घाई करतात. काल सलग वीस मिनिटं चालले. चालताना काहीच त्रास नव्हता, पण रात्री उजव्या पोटरीत कळा येऊन झोप लागली नाही. आमचं घर चढावर आहे, रस्त्यापर्यंत चिऱ्यांच्या (जांभ्या दगडाच्या) अठरा पायऱ्या आणि सध्या सगळं शेवाळलेलं. घरात राजांगण (मधलं अंगण) आहे, चारी बाजूंनी पडवी. तिथे चालून पुरेल का? आणि तीन आठवड्यांवर चवथ (गणेश चतुर्थी) आलीय. दरवर्षी पूजेला तेच बसतात.

पायवाट:

पुरेल, आणि या दिवसांत राजांगणाच्या पडवीइतकी चांगली जागा दुसरी नाही. सपाट, छप्पर असलेली, थकलं की चार पावलांवर खुर्ची. पडवीची एक बाजू आठ मीटर धरली तर एक फेरी बत्तीस मीटरची. सध्याच्या हळू चालीने मिनिटाला चाळीस-पन्नास मीटर होतात, म्हणजे पाच मिनिटांत सहा-सात फेऱ्या. एक करा: दर दोन-तीन फेऱ्यांनी दिशा बदला. नेहमी डावीकडेच वळत राहिलं की एकाच बाजूवर ताण येतो. कोपऱ्यावर वळताना कंबर पिळायची नाही, दोन-तीन छोटी पावलं टाकून अख्खं अंग वळवायचं.

आता ‘सोसेल तसे’बद्दल. यातली खोच अशी की चालताना जे सोसतं ते रात्री सोसेलच असं नाही. दाबली गेलेली नस अजून सुजलेली असते आणि ती उशिरा बोलते, कधी चार तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणून चालणं वाढवायचं की नाही ते चालतानाच्या उत्साहावर ठरवू नका, दुसऱ्या दिवशीच्या सकाळवर ठरवा. सकाळी उठल्यावर पाय कालच्यासारखाच किंवा बरा असेल तर वाढ. जास्त दुखत असेल तर दोन दिवस वेळ एक-तृतीयांशाने कमी, पण चालणं बंद नाही. पडून राहिल्याने नस सुटत नाही, उलट पाय आखडतो आणि पोटरीत रक्त साकळायची भीती वाढते.

किलोमीटर विसरा, घड्याळ लावा. आत्ता एका वेळी पाच ते सात मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा. म्हणजे एकूण अर्धा तास होतोच, फक्त तुकड्यांत. काल त्यांनी वीस मिनिटं एका दमात केली म्हणून रात्र वाईट गेली असावी. दर दोन दिवसांनी प्रत्येक फेरफटक्याला एखाद-दोन मिनिटं वाढवा. साधारण तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी दहा-बारा मिनिटं चार वेळा, चौथ्या-पाचव्या आठवड्यात पंधरा ते वीस मिनिटं तीन वेळा, सहाव्या आठवड्यानंतर पंचवीस-तीस मिनिटं दोनदा. यात आठवडाभर मागेपुढे होणारच. वेग इतका ठेवा की बोलत बोलत चालता येईल. मोठी ढांग टाकू नका. पाऊल लांब पडलं की कंबर मागेपुढे हलते आणि पायाची नस ताणली जाते. छोटं पाऊल, हात मोकळे, नजर पाच-सहा मीटर पुढे.

दुखण्यात फरक करायला बाबांना शिकवा. टाक्यांच्या आसपास ओढल्यासारखं होणं, कंबर जड वाटणं, हे चालेल. पायातली कळ वर सरकत आली, म्हणजे पोटरीतून मांडीत, मांडीतून कुल्ल्यात, तर कंबर थोडी जास्त दुखत असली तरी ती सुधारणा समजायची. उलट कळ खाली खाली उतरायला लागली तर तो फेरफटका तिथेच थांबवायचा. मुंग्या आणि बधिरपणा सगळ्यात शेवटी जातो. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर या हिशोबाने भरून येते, म्हणून पावलावरचा बधिरपणा जायला महिने लागले तरी घाबरू नका.

चिरेबंदी:

पायवाट यांनी वेळेचं सगळं नीट सांगितलंय. मी पायाखालच्या जमिनीबद्दल सांगते, कारण आपल्याकडे पावसात माणूस कमरेमुळे कमी आणि घसरून जास्त अडचणीत येतो.

त्या अठरा पायऱ्या सध्या फक्त डॉक्टरकडे जायच्या वेळी. ब्लीचिंग पावडर टाकून तासभर ठेवा आणि ताठ केरसुणीने घासून काढा, अर्थात बाबांनी नाही. चिरा सच्छिद्र असतो, त्याच्या भोकांत शेवाळ मूळ धरून राहतं. वरवर स्वच्छ दिसलं तरी चार दिवसांत परत येतं, म्हणून दर आठवड्याला घासायला हवं. एका बाजूला कठडा नसेल तर दोरी नको, दोरी हलते आणि तोल जातो. बांबू किंवा पाइप पक्का बांधा. चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, दोन्ही पावलं एका पायरीवर आली की मग पुढची.

पडवीतही पाऊस वाऱ्याने आत येतो. लादी ओली असेल तर पुसून, पंखा लावून, कोरडी झाल्यावरच फेऱ्या. तिथलं पायपुसणं, गोणपाट, वळचणीखाली ठेवलेली बादली, सगळं उचला. हवाई चप्पल अजिबात नको. ती पायात टिकवायला बोटं आवळावी लागतात, पाऊल मोकळं पडत नाही, आणि एल४-एल५ च्या रुग्णात पुढचा चवडा थोडा कमजोर असू शकतो, तोच नेमका चपलेच्या टोकाला अडकतो. मागे पट्टा असलेली, रबरी तळाची सँडल घ्या. बूट घालायचे तर घालून देणारं माणूस हवं किंवा लांब दांड्याचा शूहॉर्न. लेस बांधायला वाकणं सहा आठवडे बंद.

बाहेर पडायचं ते पाऊस उघडल्यावर, साधारण चौथ्या आठवड्यानंतर, आणि सपाटीवर. चढण चढताना अंग पुढे झुकतं, उतरताना प्रत्येक पावलाला हिसका बसतो. दोन्ही सध्या नकोत. देवळाच्या भोवतालची फरसबंदी सपाट असते, पण तिथे अनवाणी आणि ओलं, म्हणून पावसाळ्यात टाळा. नंतर पणजीला कोणाकडे जाणं झालं तर कांपालपासून मिरामारपर्यंतचा नदीकाठचा फुटपाथ चांगला आहे, पण वाळूवर उतरू नका. कोरड्या वाळूत टाच रुतते आणि ओली वाळू समुद्राकडे उतरती असते, त्यामुळे एक पाय सतत खाली राहून कंबर तिरकी होते. डांबरी रस्तासुद्धा कडेला उतरता असतो. जाताना येताना रस्त्याची एकच कड धरलीत तर जाताना एक पाय खाली राहतो, येताना दुसरा, आणि हिशोब बरोबर होतो.

छत्री घेऊन चालू नका. वाऱ्याने छत्री ओढली की कमरेला अचानक पीळ बसतो. आणि घरापासून एका दिशेने लांब जाऊ नका. बरं वाटतंय म्हणून दहा मिनिटं पुढे गेलात की परतीची दहा मिनिटं उरतातच. घराभोवती छोट्या फेऱ्या मारा.

कुर्टीचो_शेजारी:

चालण्याइतकंच मधल्या वेळेत काय चालतं तेही बघा. खूप जण तास तास सोप्यावर बसून राहतात आणि मग दोष चालण्याला देतात. पुढे पोक काढून बसलं की उभं राहण्यापेक्षा गादीवर जास्त दाब येतो. सध्या बसणं एका वेळी वीस मिनिटं, ताठ पाठीच्या, हात असलेल्या खुर्चीवर. बाल्कांवातला (दारापुढच्या ओसरीतला) सिमेंटचा सोपो, म्हणजे बाक, आणि आरामखुर्ची, दोन्ही नकोत. एकावर पाठीला टेका बरोबर मिळत नाही, दुसरीतून उठताना कंबर वाकते.

उठायची पद्धत पक्की करा: आधी कुशीवर, गुडघे वाकवून पाय कॉटच्या बाहेर, मग कोपर आणि तळवा दाबत उठणं. खांदे आणि कंबर एकत्र वळले पाहिजेत, लाकडाचा ओंडका लोळवतात तसे. सकाळी उठल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास विशेष जपा. रात्रभरात मणक्यातली गादी पाणी शोषून फुगलेली असते आणि तेव्हा वाकलं तर तिच्यावर ताण जास्त. पहिला फेरफटका चहानंतर.

अजून एक, जे कोणी सांगत नाही. वेदनेच्या काही गोळ्यांनी पोट घट्ट होतं आणि कुंथताना तोच दाब मणक्यावर. पाणी, सकाळी उकड्या तांदळाची पेज, भाज्या, गरज पडली तर डॉक्टरांना विचारून इसबगोल. कमोडच वापरा. उकिडवं बसणं सध्या नाही. कमरेचा पट्टा डॉक्टरांनी सांगितला असेल तरच, सांगितला तेवढाच वेळ. दिवसभर बांधून ठेवायची सवय लागू देऊ नका.

पायवाट:

शेजाऱ्यांचा मुद्दा महत्त्वाचा. एक भर घालतो, कारण हा धागा पुढे दुसरं कोणी वाचेल. वरचा सगळा हिशोब फक्त गादीचा तुकडा काढलेल्यांसाठी आहे. स्क्रू घालून मणके जोडले असतील तर हाड धरायला कित्येक महिने लागतात. तिथे चालणं हाच सुरुवातीचा मुख्य व्यायाम, पण वाढ याहून सावकाश, वाकण्या-पिळण्याची बंदी जास्त दिवस, आणि विडी-सिगारेट पूर्ण बंद, कारण निकोटीनने हाड जुळायला अडथळा येतो. सुजेच्या गोळ्याही स्वतःच्या मनाने घेऊ नका.

आणि दूर्वा, ही लक्षणं घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, दोन्ही पायांतली ताकद गेली, तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ बोलवा आणि थेट गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) कॅज्युअल्टीत. एकच पोटरी सुजून गरम होणं, अचानक धाप लागणं किंवा छातीत दुखणं, हेही तसंच तातडीचं. काल रात्री पोटरीत कळा आल्या म्हणता, तर आजच दोन्ही पोटऱ्यांचा घेर टेपने एकाच उंचीवर मोजा. दीड-दोन सेंटीमीटर फरक असेल किंवा दाबल्यावर दुखत असेल, तर ती नस नसून रक्ताची गाठ असू शकते. आजच दाखवा. ताप, जखमेतून पू किंवा पाण्यासारखा स्राव, उठून बसल्यावर वाढणारी आणि आडवं झाल्यावर कमी होणारी डोकेदुखी, यासाठी त्याच दिवशी सर्जनला फोन.

रोजची एक छोटी तपासणी: भिंतीला धरून उभं राहायचं आणि दोन्ही पायांचे अंगठे वर उचलायचे. एल४-एल५ ला दबते ती नस हाच अंगठा उचलते. उजवा डाव्याइतका उचलला जातोय का ते तुम्ही बघा, त्यांना विचारू नका. आधीपेक्षा कमी उचलला जायला लागला, तर दुखत नसलं तरी डॉक्टरांना कळवा.

दूर्वा_फोंडा:

आत्ताच मोजलं. दोन्ही पोटऱ्या सारख्या, सूज नाही, दाबल्यावर दुखत नाही. अंगठा उजवा किंचित कमी उचलतो, पण घरी आले तेव्हाही तसाच होता. आज सात मिनिटांचे चार फेरफटके झाले, पाचवा आता तिन्हीसांजेला. चवथीचं मात्र कोणी बोललं नाही, आणि बाबा तेच विचारतायत.

चिरेबंदी:

चवथीला साडेचार आठवडे झालेले असतील. पाटावर मांडी घालून पूजा नाही. खाली बसणं, पुढे वाकून फुलं वाहणं, उठणं, तिन्ही गोष्टी कमरेला नको त्याच. पूजेला भावाला किंवा तुम्हाला बसू दे, बाबांची खुर्ची बाजूला, संकल्पाला त्यांचा हात लावून घ्या. माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळांची चौकट) बांधायला वर हात करून ताणणं नको, नारळ-तवशांचे (काकड्यांचे) हारे उचलणं नको. तीन किलोच्या वर काहीच नाही.

आरती उभ्याने होईल, पण अर्धा तास एका जागी उभं राहणं चालण्यापेक्षा जड जातं. तिथे पाटाचा उपयोग करा: पाट पायाशी ठेवून एक पाय त्यावर, दोन मिनिटांनी दुसरा. कमरेचा बाक कमी होतो आणि आराम पडतो. मधे पडवीतून एक फेरी मारून यावं. नमस्कार उभ्याने हात जोडून. विसर्जनाला तळीच्या ओल्या पायऱ्या उतरायच्या नाहीत, वरच्या कट्ट्यावरूनच.

दूर्वा_फोंडा:

बाबांना वाचून दाखवलं. खुर्चीला लगेच कबूल झाले, तळीवर थोडे रुसलेत. उद्यापासून सकाळच्या पोटरीची नोंद भिंतीवरच्या कालनिर्णयावर करतेय, पुढच्या रविवारी इथे आकडे टाकते. देव बरें करूं.