मदत हवी आहे : डोक्याला मार लागल्यानंतर दादाची स्मरणशक्ती आणि स्वभाव बदललाय, गावी राहून काय करता येईल?

नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबलाय, पण पूर्ण वाचा ही विनंती.

माझा दादा ४१ वर्षांचा. यावल तालुक्यात आमची साडेसहा एकर शेती, बहुतेक केळीच. नोव्हेंबरात चोपड्याहून रात्री घरी येताना त्याची मोटारसायकल रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रॉलीवर आदळली. ट्रॉलीला मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि दादाच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. जळगावला नेलं तेव्हा जीसीएस (शुद्धी किती आहे याचे गुण, १५ पैकी) ७. नऊ दिवस व्हेंटिलेटर. कपाळामागच्या भागात दोन्हीकडे मार, नंतर एमआरआयमध्ये डिफ्यूज ॲक्झोनल इंजुरी (मेंदूतले बारीक तंतू जागोजागी दुखावणं) निघाली. ऑपरेशन लागलं नाही. २६व्या दिवशी घरी सोडलं. डिस्चार्ज कार्डावर फिट येऊ नये म्हणून लेव्हेटिरासिटाम, फिजिओथेरपी आणि फेरतपासणीची तारीख. विसरण्याबद्दल, रागाबद्दल एक ओळ नाही, तोंडीही कोणी काही बोललं नाही.

आज तो चालतो, जेवतो, बोलतो. लोक भेटून जातात आणि म्हणतात, देवानं वाचवलं, आता एकदम ठणठणीत. आम्हीही पहिला महिना तसंच समजत होतो.

दादा हिशेबाचा पक्का माणूस. कोणती बाग कधी निसवली (केळफूल बाहेर पडलं), कोणाकडे किती उधारी, मजुरांना किती उचल दिली, सगळं डोक्यात. वही कधी ठेवलीच नाही. आता शेतीची लाइट कोणत्या दिवशी दिवसा आणि कोणत्या दिवशी रात्री, हेच त्याच्या ध्यानात राहत नाही. ठिबकचा व्हॉल्व्ह उघडून घरी येतो आणि विसरतो. एका बागेला दोनदा पाणी, शेजारची कोरडी. मागच्या महिन्यात सकाळी एका व्यापाऱ्याला फोनवर भाव कबूल केला आणि संध्याकाळी दुसऱ्याला. कापणीला दोघांच्या गाड्या एकदम बांधावर उभ्या. दोघांनी वहिनीला नको ते बोलून घेतलं, आणि दादा शांतपणे म्हणाला, मी कोणालाच फोन केला नाही.

सांगितलं तर काम करतो, न सांगता दोन-दोन तास खाटेवर बसून राहतो. अंघोळीलाही उठवावं लागतं. भाऊबंद म्हणतात, बसून खायची सवय लागली. मला ते ऐकवत नाही. काम सुरू करायची चावीच मेंदूच्या त्या पुढच्या भागात असते असं मी वाचलंय, पण चावडीवरच्या माणसांना कसं समजवू?

राग वेगळाच. कुकरची शिट्टी, टीव्ही आणि पाहुणे एकदम आले की ताट भिरकावतो. अर्ध्या तासानं तो विसरतो. आठवीतला भाचा विसरत नाही. तो आता संध्याकाळी मित्राकडेच असतो.

घरात दोन तऱ्हा. आई सगळं हातात देते : "त्याले काही सांगू नको, तरास व्हतो त्याले." वहिनी रोज परीक्षा घेते : काल काय खाल्लं, आज वार कोणता. चुकला की दोघं रडतात. परवा ती फोनवर म्हणाली, "माणूस समोर बसलाय, म्हणून मोकळं रडायचीही सोय नाही." यावर मला काही बोलता आलं नाही.

मेंदूच्या अशा पुनर्वसनासाठी नेमकं कोणाकडे जायचं? एका ओळखीच्यांनी सांगितलं, ६ महिन्यांत जे सुधारायचं ते सुधारतं, पुढे काही नाही. आम्हाला ७ झाले. खरं आहे का हे? मोबाइलवर मेंदूचे खेळ देऊ का? तो गाडीची किल्ली मागतो, त्याला काय सांगू? आणि वहिनीसाठी कोणी आहे का?

प्रतिसाद १

ताई, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा जमवायला शिकवणारी) आहे, मुंबईत अशाच रुग्णांसोबत काम केलंय. आधी ६ महिन्यांचं. सुरुवातीला सुधारणा वेगानं होते आणि मग वेग मंदावतो, इतकंच खरं. नवीन सवयी, वहीचा आधार, कामाच्या पद्धती हे माणूस नंतर कित्येक वर्षं शिकू शकतो. आशा सोडू नका.

पुढच्या फेरतपासणीला दोन गोष्टी जरूर विचारा. लेव्हेटिरासिटाममुळे काहींची चिडचिड वाढते. गोळी बदलता येईल का ते न्यूरॉलॉजिस्ट ठरवतील. स्वतःहून एकही डोस चुकवू नका, फिटचा धोका असतो. दुसरं, अशा माराने पिट्युटरी ग्रंथीचं (मेंदूच्या तळाशी असते, शरीरातली हार्मोन्स सांभाळते) काम बिघडू शकतं आणि त्यानंही माणूस गळून जातो. थायरॉइड, कॉर्टिसोल तपासायचं का, विचारा.

वहिनींची परीक्षा आजपासून बंद. अशा रुग्णाला चुकीचं उत्तर द्यायला लावलं की ती चूकच पक्की होते. आधी बरोबर उत्तर सांगायचं, लगेच त्याच्याकडून वदवायचं, मग एक मिनिटानं, पाच मिनिटांनी, अर्ध्या तासानं. एका वेळी एकच गोष्ट. मोबाइलच्या खेळांनी मुख्यतः तो खेळच सुधारतो, व्हॉल्व्ह आठवत नाही. त्यापेक्षा व्हॉल्व्हवरच काम करा : उघडला की तिथंच उभं राहून फोनवर गजर लावायचा, आणि गजराला नाव "उत्तरेची बाग बंद". सुरुवातीचे १५ दिवस कोणीतरी सोबत हवं.

आईंना सांगा, काम हिसकावू नका, काम सुरू करून द्या. "ऊठ, टॉवेल घे" एवढं पुरतं. अवघड कामं सकाळी, दुपारी अंधाऱ्या खोलीत झोप, पाहुणे एका वेळी दोनच. दारू अजिबात नाही. किल्ली डॉक्टर म्हणेपर्यंत नाही, आणि ते डॉक्टरांनीच त्याला सांगावं, म्हणजे घरचे शत्रू होत नाहीत.

आधी न्यूरोसायकॉलॉजिकल चाचण्या (स्मरणशक्ती, लक्ष, विचार तपासणाऱ्या) करून घ्या, नेमकं काय शाबूत आहे ते त्यातून कळतं. त्या करणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची आरसीआय (भारतीय पुनर्वसन परिषद) नोंदणी बघूनच जा. बंगळूरच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या सरकारी संस्थेत हे काम नीट होतं, भुसावळहून कर्नाटक एक्स्प्रेस आहे. मुंबईत हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. आधी धुळे किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभागाला दाखवून चिठ्ठी घ्या.

वहिनींना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ द्या. मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

प्रतिसाद २

अमळनेरहून लिहितोय. माझ्या वडिलांचं असंच झालं होतं. दादा "मला काही झालं नाही" म्हणाले तर वाद घालू नका. असे रुग्ण खोटं बोलत नसतात, त्यांना स्वतःतला बदल खरंच दिसत नसतो. आम्ही व्यापाऱ्यांना सरळ सांगून टाकलं की आईशी बोलल्याशिवाय सौदा पक्का नाही. लाज वाटली, पण नुकसान थांबलं.

धागाकर्ती

मनापासून आभार. गोळीचं कोणीच सांगितलं नव्हतं. वहिनीला फोन करून दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. परीक्षेचं ऐकल्यावर ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, मला वाटलं मी त्याला शिकवतेय.

रविवारी गावी गेले. शाळेची लांब वही नेली, खुंटीला दोरीनं बांधली. दादानं स्वतःच्या हातानं पहिल्या पानावर लिहिलं : "लाइट रात्री १० ते सकाळी ६. मधली बाग." अक्षर पूर्वीचंच आहे. वही शेतात न्यायला मात्र विसरला. शेतासाठी खिशातली वेगळी ठेवू की दोन वह्यांनी गोंधळ वाढेल?