दादांना ऑक्सिजन मुद्दाम कमी देतायत. संशोधनाच्या कागदावर सही करू का? (मदत हवी आहे)

गोदाकाठचा (धागाकर्ता), पहाटे ४.५०

जागं कुणी असलं तर लवकर सांगा. दादा परवापासून आयसीयूत आहेत. तालुक्याच्या दवाखान्यात आणि अँब्युलन्समध्ये ऑक्सिजन ९८ होता. इथं आणल्यापासून ९०, कधी ८९. मशीन ओरडतं, सिस्टर येते, आवाज बंद करते अन् जाते. वाढवा म्हणलं तर म्हणते एवढाच ठेवायचाय, सरांनी सांगितलंय. अन् काल संध्याकाळी एका शिकाऊ डॉक्टरनं चार पानी कागद हातात दिला, ऑक्सिजनवर संशोधन चालू आहे, वाचून सही करा. म्हणजे आमच्या माणसावर प्रयोग चालूय का? नेटवर बघितलं तर खरंच असे अभ्यास झालेत ज्यात मुद्दाम कमी ऑक्सिजन देतात. दुपारी मोठे डॉक्टर राऊंडला येऊन विचारणार. सही करू का नको, एवढंच सांगा. बाकी उपदेश नको.

बालाघाटी, ५.०२

दादा म्हणजे मोठे भाऊ का वडील? वय? झालंय काय नेमकं? न्यूमोनिया, दमा, हार्ट? कोणत्या गावात आहात? काहीच लिहिलं नाही राव तुम्ही.

गोदाकाठचा, ५.०६

वडील. आमच्याकडं वडलांनाच दादा म्हणतात. ६४. दम लागला म्हणून आणलं. गावाचं नाव घेत नाही, उद्या त्यांच्याच हाताखाली राहायचंय. सही करू का?

शंकासुर, ५.१५

अजिबात नको. गरिबाचा बाप म्हणजे यांचा पांढरा उंदीर. परदेशात जे करता येत नाही ते इथं करतात. २०२० साली फ्रान्समध्ये अशाच अभ्यासात ऑक्सिजन कमी ठेवलेल्या गटात पाच जणांच्या आतड्याचा रक्तपुरवठा बंद पडला, मध्येच थांबवावा लागला तो. वाचा जरा. कागद फाडून टाका अन् पेशंट हलवा.

जुना कंपाउंडर, ५.३१

९० म्हणजे धोक्याची घंटा. करोनात ९४ च्या खाली गेला की आम्ही धावत सुटायचो. २०२१ च्या एप्रिलमध्ये मी जंबो सिलिंडरच्या मागं चार जिल्हे फिरलोय, धाब्यावर झोपलोय. एका जंबोत ७००० लिटर वायू. हाय-फ्लोचं मशीन मिनिटाला ६० लिटरनं फुल्ल लावलं तर दोन तास पुरत नाही. तेव्हा दोन पेशंटला एक सिलिंडर असे दिवस होते. तुम्ही त्यांना पालथं झोपवा. आमच्या साडूला पालथं झोपवूनच वाचवलं. आणि घरी न्यायला पाच लिटरचं कॉन्सन्ट्रेटर आत्ताच बुक करून ठेवा, माझ्या ओळखीत एक जण भाड्यानं देतो. व्यनि (खासगी निरोप) करा.

बालाघाटी, ५.३६

कंपाउंडरकाका, माणूस आयसीयूत आहे आणि तुम्ही घरचं मशीन बुक करताय.

भूलवाली, ५.४०

रात्रपाळी संपत आली, चहा पिता पिता वाचलं. धागाकर्ते, सहीचं नंतर बघू. आधी तीन गोष्टी सांगा. दादा बिडी ओढतात का, किंवा धुळीत काम केलंय का? आत्ता तोंडावर नेमका कोणता मास्क आहे? आणि मनगटातून रक्त काढून केलेल्या तपासणीचा, म्हणजे एबीजीचा, आकडा काय? त्यात पीएच (कमी म्हणजे रक्त आम्लट) आणि पीसीओटू (रक्तातला कार्बन डायऑक्साइड) बघा.

गोदाकाठचा, ५.४८

बिडी ओढायचे, चार वर्षं झाली सोडून. मानवतला जिनिंगमध्ये हमाली केली, वीस-बावीस वर्षं. हिवाळ्यात खोकला असतोच त्यांना, त्यात काय नवीन नाही. याचा ऑक्सिजनशी काय संबंध? मास्क साधाच आहे हिरवट. अँब्युलन्समध्ये चांगला होता, त्याला खाली पिशवी होती. इथं तो काढून टाकला. तेच तर सांगतोय.

भूलवाली, ५.५५

हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. वीस वर्षं कापसाची धूळ, वर बिडी, दर हिवाळ्यात खोकला. हे बहुतेक सीओपीडीचं, म्हणजे धूर-धुळीनं कायमचं खराब झालेलं, फुफ्फुस आहे. अशा माणसाला ८८ ते ९२ हेच ठेवायचं असतं, प्रयोग म्हणून नाही, नेहमीचे उपचार म्हणून. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीच्या मार्गदर्शनात बाकीच्यांना ९४ ते ९८ आणि कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असलेल्यांना ८८ ते ९२ असं स्वच्छ लिहिलंय.

हे आलं कुठून तेही सांगते, कारण तुमचीच गोष्ट आहे ती. टास्मानियात अँब्युलन्समध्येच अभ्यास झाला, २०१० साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दम लागलेले ४०५ रुग्ण. काहींना सरसकट भरपूर ऑक्सिजन, बाकीच्यांना मोजून-मापून ८८ ते ९२ वर. भरपूरवाल्यांत ९ टक्के गेले, मोजून दिलेल्यांत ४ टक्के. म्हणजे तुम्हाला ज्या ९८ चा आनंद झाला होता, तो बघून माझ्या पोटात गोळा आला असता.

एमबीबीएस_दुसरं_वर्ष, ६.०१

बरोबर. हायपॉक्सिक ड्राइव्ह. यांचा श्वास ऑक्सिजन कमी असण्यावरच चालतो, तो दिला की मेंदू श्वास घ्यायचाच विसरतो.

भूलवाली, ६.०७

बाळा, हे सगळ्यांना असंच शिकवतात, पण तो भाग छोटा आहे. फुफ्फुसाच्या ज्या कोपऱ्यात हवा पोचत नाही तिथल्या रक्तवाहिन्या शरीर स्वतः आवळून धरतं, रक्त वाया जाऊ नये म्हणून. भरमसाट ऑक्सिजन सोडला की त्या सैल पडतात, रक्त निकामी कोपऱ्याकडं वळतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडायचा राहतो. शिवाय ऑक्सिजननं भरलेलं हिमोग्लोबिन कार्बन डायऑक्साइडला सोडून देतं, तो रक्तात वाढतो. व्हायवात हे सांग, एक्झामिनर खूश होईल.

शब्दप्रामाण्य, ६.१५

धाग्याच्या शीर्षकापासून ‘ऑक्सिजन’ हा परकीय शब्द सर्रास वापरला जात आहे. मराठीत ‘प्राणवायू’ हा सुंदर, अर्थवाही शब्द उपलब्ध असताना हा आग्रह का?

बालाघाटी, ६.१७

सिस्टरला ‘प्राणवायू वाढवा’ म्हणून बघा, काय होतं ते सांगा.

लातूरच्या काकू, ६.२०

अरे लेकरा, खर्चाचं काय केलंस? महात्मा फुले योजनेत बसवून घे. रेशनकार्ड, आधारची झेरॉक्स घेऊन आरोग्यमित्राकडं जा, दवाखान्यात खालीच टेबल असतं त्याचं. माझ्या दिराच्या वेळी आम्हाला हे तिसऱ्या दिवशी कळलं, तोवरचे पैसे गेले ते गेलेच.

रात्रीचा आरएमओ, ६.२८

भूलवाली मॅडमशी सहमत, पण एक भर. कमी ऑक्सिजन म्हणजे सगळ्यांनाच चांगलं, असंही नाही. २०१८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २५ चाचण्या एकत्र केल्या तेव्हा जास्त ऑक्सिजननं मृत्यू वाढतात असं निघालं, अन् सगळे आकडा खाली आणायच्या मागं लागले. मग २०२१ ला हॉट-आयसीयू नावाचा अभ्यास आला, २९२८ रुग्ण, दोन्ही गटांत तीन महिन्यांत साधारण ४२-४३ टक्के मृत्यू, फरक शून्य. मग २०२५ ला ब्रिटनमधला यूके-रॉक्स, १६,५०० रुग्ण, तिथंही फरक नाही. शंकासुर ज्याबद्दल बोलतायत तो फ्रान्सचा लोको-टू तीव्र एआरडीएसचा, म्हणजे फुफ्फुसांत पाणी भरून ती निकामी होतात त्या आजाराचा होता, २०५ रुग्णांवर थांबवला. यातलं काहीच या दादांना जसंच्या तसं लागू नाही.

शंकासुर, ६.३३

म्हणजे तुम्हालाच ठरवता येईना, अन् आमच्या माणसांवर करून बघणार.

रात्रीचा आरएमओ, ६.३७

ठरवता येत नाही म्हणूनच करून बघतात. माहीत असतं तर कागद कशाला दिला असता? १५ लिटरचा पिशवीवाला मास्क लावणं हाही प्रयोगच होता, फक्त त्याला कुणी सही मागितली नाही.

भूलवाली, ६.४०

भांडण नंतर. धागाकर्ते, मास्क आणि एबीजी?

गोदाकाठचा, ६.५२

बघून आलो. मास्कच्या बुडाला प्लास्टिकचा पांढरा तुकडा आहे, त्यावर २८% अन् ४ असं लिहिलंय. फाईलमध्ये काल रात्री आठचा एबीजी, पीएच ७.३५, पीसीओटू ५६. एक सांगू का, शिव्या देऊ नका. रात्री दोनला सिस्टर पलीकडच्या खाटेवर होती तेव्हा मी भिंतीवरच्या नळीतली ऑक्सिजनचा प्रवाह दाखवणारी गोळी ४ वरून ८ वर नेली. आकडा काही वाढला नाही. पाचला परत ४ वर आणली. आता छान झोप लागलीय त्यांना. दोन रात्री नुसते बसून होते. आत्ता हाक मारली तर ‘हं’ म्हणतात अन् परत घोरतात.

भूलवाली, ६.५४

फोन ठेवा आणि आत्ता सिस्टरकडं जा. म्हणा, दादा जागे होत नाहीत, एबीजी परत करा. गोळी फिरवल्याचंही सांगा. लपवू नका. ही झोप छान नाही.

बालाघाटी, ६.५५

जा भाऊ पळत.

जुना कंपाउंडर, ७.१०

मी म्हणलंच होतं ऑक्सिजन कमी पडतोय म्हणून.

रात्रीचा आरएमओ, ७.१४

काका, उलटं आहे. तो पांढरा तुकडा व्हेंच्युरी मास्कचा. त्याच्या खिडक्यांतून बाहेरची हवा ठरलेल्या प्रमाणात ओढली जाते, म्हणून गोळी वर केली तरी ऑक्सिजनचा टक्का २८ च्या आसपासच राहतो. म्हणून आकडा वाढला नाही. साधा मास्क असता तर आज वेगळंच लिहीत बसलो असतो. झोप बहुधा साठलेल्या कार्बन डायऑक्साइडची, आणि तो बोटावरच्या यंत्राला दिसत नाही. ते यंत्र फक्त ऑक्सिजन बघतं. ९० दिसतंय म्हणून सगळं ठीक, असंही नाही आणि ९० म्हणून सगळं वाईट, असंही नाही.

नांदेडचा पाहुणा, ८.०५

अवांतर: जिनिंगवाल्यांच्या फुफ्फुसावर कुणी बोलत नाही. माझे मामा ‘सोमवारचा दम’ म्हणायचे. सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्या दिवशी छाती धरायची, पुढं कमी व्हायची. पुढं पुस्तकात नाव सापडलं, बिसिनोसिस.

शब्दप्रामाण्य, ८.३०

‘अवांतर’ योग्य. परंतु ‘ऑफ टॉपिक’ लिहिणाऱ्यांनी याचा धडा घ्यावा.

गोदाकाठचा, ९.४०

परत केला. पीएच ७.२६, पीसीओटू ७४. आता घट्ट मास्क लावलाय, पट्ट्या डोक्यामागून, शेजारी मशीन फुसफुसतंय. बायपॅप म्हणले. सिस्टर खूप बोलली मला, बरोबर बोलली. दादा हातानं मास्क ओढतायत, मी हात धरून बसलोय. आता तरी सांगा, सही करू का?

भूलवाली, ९.५५

बायपॅप लावला हे चांगलं झालं. या आजारात तो लावावा याला १९९० च्या दशकापासूनचा पुरावा आहे. १९९५ सालच्या युरोपातल्या अभ्यासात नुसत्या नेहमीच्या उपचारांत ७४ टक्क्यांना घशात नळी घालावी लागली, मास्कवाल्यांत २६ टक्क्यांना. पहिले काही तास धीर धरा, हात धरणं हेच काम आहे तुमचं. आता त्या कागदावर नेमकं काय लिहिलंय ते टाइप करा. ‘ऑक्सिजनवर संशोधन’ एवढ्यावरून काही कळत नाही.

गोदाकाठचा, १०.२०

‘तीव्र श्वसन-अपयश असलेल्या रुग्णांमध्ये नाकावाटे जास्त प्रवाहाने दिला जाणारा उष्ण व दमट ऑक्सिजन आणि घट्ट मास्कद्वारे दिला जाणारा श्वासाचा आधार यांची तुलना’. यात कमी-जास्त ऑक्सिजनचं कुठंच नाही. मी पूर्ण वाचलंच नव्हतं. सहीही केलेली नाही अजून, म्हणजे ९० चा अन् याचा काही संबंधच नव्हता का?

भूलवाली, १०.२९

नव्हता. सही नाही तर तुम्ही अभ्यासात नाहीच. हा प्रश्न वेगळा आहे आणि चांगला आहे. २०२४ ला ब्राझीलमधल्या रेनोव्हेट चाचणीत १८०० रुग्णांत हीच तुलना झाली. हाय-फ्लो, म्हणजे तो नाकावाटेचा ऑक्सिजन, बहुतेक गटांत मास्कच्या तोडीस तोड ठरला, पण सीओपीडीचे रुग्ण त्यात इतके थोडे होते की तिथं मी तरी ठाम बोलणार नाही. म्हणून कागदावर ‘कोणाला घेतलं जाणार नाही’ असा भाग असेल तो बघा.

गोदाकाठचा, १०.३६

पान ३. ‘रक्तातील पीएच ७.३० पेक्षा कमी असल्यास’.

भूलवाली, १०.४१

मग तुमचा प्रश्न मिटला. आजच्या आकड्यानं दादा त्यात बसत नाहीत. दुपारी विचारलं तर ९.४० चा एबीजी दाखवा. तरीही आग्रह झाला तर नाही म्हणायचा पूर्ण हक्क आहे, उपचारात फरक पडता कामा नये, हे त्याच कागदावर लिहिलेलं असणार. सीटीआरआयचा (अशा चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक आणि नीतिसमितीचा फोनही असायला हवा. आणि दादा पूर्ण भानावर असते तर सही त्यांची, तुमची नव्हे.

शंकासुर, ११.००

म्हणजे मी म्हणलो तेच झालं, सही करू नका.

रात्रीचा आरएमओ, ११.०४

हो, फक्त कारण चुकीचं होतं.

गोदाकाठचा, संध्याकाळी ६.१५

दुपारी त्या शिकाऊ डॉक्टरनंच आधी सांगितलं, तुमचे वडील आता यात येत नाहीत, कागद ठेवा नाहीतर द्या. पीसीओटू ६१ वर आलाय. मास्क दहा मिनिटं काढला तर पहिलं वाक्य ‘चहा आणला का रे’. पाण्याचे दोन घोट दिले. कागद माझ्याकडंच आहे. मागच्या कोऱ्या बाजूला आईनं औषधांचा हिशोब लिहिलाय.

लातूरच्या काकू, ६.४०

हिशोब कशाला लिहावा लागतोय? खाली टेबलावर गेलास का नाही अजून? रेशनकार्ड कोणत्या रंगाचं आहे ते सांग आधी.