मदत हवी आहे: लायसन्स प्रत्येक फाइलमध्ये टाकायचं का?

सेमीकोलन: सॉफ्टवेअर प्रोजेक्टचा कोड आज रात्री सगळ्यांसाठी खुला करायचाय. मुख्य फोल्डरमध्ये लायसन्सची (कोड कुठल्या अटींवर वापरायचा त्याची) फाइल टाकली आहे. आता एक जण म्हणतो, प्रत्येक फाइलच्या डोक्यावरही हवं. फाइली शेकड्याने आहेत. खरंच लागतं का? लवकर सांगा.

तळटीप: लायसन्स कुठलं?

हलकाभार: एमआयटी लायसन्स घ्या आणि मोकळे व्हा. नाव-वर्ष घातलं की झालं. मी सगळीकडे तेच करतो.

तळटीप: कुठलं घेऊ असं त्यांनी विचारलेलंच नाही.

सेमीकोलन: जीपीएल ३ (जीएनयू जनरल पब्लिक लायसन्स, आवृत्ती ३).

जुना_कंपायलर: सक्ती नाही, पण टाकाच. फाइल एकटीच उचलून दुसरीकडे नेली जाते, मग ती कुणाची, कुठल्या अटींवर, काही कळत नाही. शिवाय आवृत्ती कुठेच लिहिली नाही, तर कलम १४ नुसार घेणारा जीपीएलची कुठलीही प्रकाशित आवृत्ती निवडू शकतो. 'फक्त ३' की '३ किंवा पुढची' हे तुम्हालाच लिहावं लागतं. लायसन्सच्या मजकुराच्या शेवटी तीन परिच्छेदांची सूचना तयार दिलेली आहे, ती चिकटवा.

रात्रपाळी: तीन परिच्छेद कशाला? कॉपीराइटची एक ओळ आणि एसपीडीएक्स आयडेंटिफायरची (टूलला वाचता येणारं लायसन्सचं ठरलेलं छोटं नाव) एक ओळ पुरे. लिनक्स कर्नलमध्ये २०१७ पासून हेच चालू आहे.

जुना_कंपायलर: वाचणारा माणूस असतो, नुसतं टूल नाही. हमी नाही हे त्यालाही दिसायला हवं.

रात्रपाळी: ते लायसन्सच्या फाइलमध्ये आहेच की.

पानफूल: डॉक्युमेंटेशनसाठी क्रिएटिव्ह कॉमन्सचं लायसन्स बघा. आणि लोगोचं काय ठरवलंय?

सेमीकोलन: लोगो नाहीये. दोन ओळीच टाकतो, स्क्रिप्ट लिहिली आहे, सगळ्या फाइलींत एकदम माझं नाव जाईल. पार्सरचं (मजकूर वाचून त्याचे भाग पाडणाऱ्या कोडचं) फोल्डर दुसरीकडून घेतलंय, तेही त्यातच येईल ना?

तळटीप: थांबा! स्क्रिप्ट चालवू नका. पार्सरचं लायसन्स काय?

सेमीकोलन: अपाची लायसन्स २.

तळटीप: जीपीएल ३ बरोबर चालतं. तुमचं लायसन्स फक्त जीपीएल २ असतं तर अडलं असतं. पण त्या फाइलींवरच्या मूळ सूचना काढू नका आणि जिथे बदल केलाय तिथे तसं लिहा. ते फोल्डर स्क्रिप्टमधून वगळा.

सेमीकोलन: वगळलं. जेसनमध्ये (डेटाच्या फाइलींत) कॉमेंट टाकता येत नाही, तिथे?

रात्रपाळी: त्याच नावापुढे '.लायसन्स' जोडून (रोमन अक्षरांत) शेजारी छोटी फाइल ठेवा, त्याच दोन ओळी तिच्यात. आणि शेल स्क्रिप्टमध्ये हॅश-उद्गारचिन्हाची (#!) ओळ पहिलीच राहू द्या, आपल्या ओळी तिच्याखाली.