एका कानाने कमी ऐकू येते, एमआरआयमध्ये गाठ निघाली. आता कोणाकडे जावे?

लातूरकर:
माझ्या आईला (वय 58) डाव्या कानाने कमी ऐकू येते. ती फोन नेहमी उजव्याच कानाला लावू लागली, तेव्हा ते आमच्या लक्षात आले. कानातला मळ, मग वय, अशी कारणे ऐकत थेंब घालण्यात बरेच महिने गेले. आता एमआरआयमध्ये 14 मिलिमीटरची व्हेस्टिब्युलर श्वानोमाची (कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवरची) गाठ निघाली आहे. ती कर्करोगाची नाही, तरीही एका सर्जननी लगेच शस्त्रक्रिया सुचवली. कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे की न्यूरोसर्जनना?

श्रवणतज्ज्ञ_पुणे:
थेंबांची ही कथा आमच्याकडे नेहमीचीच आहे. दोन्ही कानांच्या ऑडिओग्राममध्ये (श्रवणचाचणीच्या आलेखात) ठळक फरक असेल, आणि त्यातही 'आवाज येतो पण शब्द कळत नाहीत' अशी तक्रार असेल, तर गॅडोलिनियम (गाठ स्पष्ट दिसण्यासाठी शिरेतून देतात ते द्रव्य) देऊन एमआरआय करायलाच हवा. अचानक आलेला बहिरेपणा स्टेरॉइडने सुधारला म्हणून गाठ नाही असे ठरत नाही. कित्येकांची वाट तिथेच चुकते. आईंची शब्दओळख चाचणी झाली नसेल तर आत्ताच करून घ्या, कारण ऐकणे किती शिल्लक आहे यावर पुढचा निर्णय बराचसा अवलंबून असतो.

गामा_नाइफ_झालेला:
दोघांनाही दाखवा, आणि शक्यतो जिथे ते दोघे एकत्र बसून निर्णय घेतात तिथेच दाखवा. लहान गाठीला ठरावीक काळाने एमआरआय करून नुसते लक्ष ठेवणे, गामा नाइफ (चिरफाड न करता गाठीवर नेमके किरण सोडण्याचा उपचार) किंवा शस्त्रक्रिया असे तीनही मार्ग असतात. मात्र ज्याच्याकडे जी सोय, तो बहुधा तीच आधी सांगतो, म्हणून दुसरे मत घेण्यात संकोच नको. मुंबईत हिंदुजा रुग्णालयात गामा नाइफ आहे. एमआरआयच्या फिल्मबरोबर सीडीही मागून घ्या, कारण गाठ वाढली की नाही हे जुन्या प्रतिमा शेजारी ठेवूनच कळते. महात्मा फुले योजनेत उपचार बसतो का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधीच विचारा.

लातूरकर:
मनःपूर्वक आभार. थांबण्यात धोका तर नाही ना?

श्रवणतज्ज्ञ_पुणे:
या गाठी बहुधा सावकाश वाढतात, काही वर्षानुवर्षे तेवढ्याच राहतात. त्यामुळे मते घेण्याइतका वेळ सहसा असतो. लक्ष ठेवण्याच्या काळातही ऐकणे कमी होऊ शकते, हे मात्र आईंना आधीच सांगा. चेहरा बधिर होणे, तोल वरचेवर जाणे, डोकेदुखीबरोबर उलट्या, यांपैकी काहीही दिसल्यास ठरलेल्या तारखेची वाट न पाहता न्यूरोसर्जनना गाठा.