जिप्सी, ब्रेझा, जिम्नी : सुझुकीच्या गाड्या आणि आपले अनुभव

गेल्या महिन्यात आमच्या १९९८ सालच्या जिप्सीचे मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) बदलायला टाकले, तेव्हा मिस्त्री गाडीखालून काम करता करता म्हणाला, ‘‘साहेब, ही रुतली तर ट्रॅक्टर शोधत बसू नका, चार माणसे शोधा.’’ गाडीचे वजन हजार किलोच्या आसपास असल्यामुळे चौघांनी मागचा बंपर धरला की ती बाजू खरोखरच वीतभर सरकते. ताकदीपेक्षा हलकेपणावर भिस्त ठेवणाऱ्या या गाड्यांविषयी निरनिराळ्या ठिकाणच्या मालकांकडून ऐकावे, असे त्या दिवसापासून मनात घोळत होते. म्हणून हा धागा.

आधी थोडी पूर्वपीठिका. मिचिओ सुझुकी यांनी १९०९ मध्ये जपानमधल्या हामामात्सु येथे माग तयार करण्याचा कारखाना काढला, आणि पुढची चाळीसहून अधिक वर्षे हे नाव मागांशीच जोडलेले राहिले. १९५२ मध्ये सायकलला जोडायचे ३६ सीसीचे इंजिन आणि १९५५ मध्ये ‘सुझुलाइट’ ही ३६० सीसीची छोटी मोटार, असे करत कंपनी वाहनांकडे वळली. फोर-बाय-फोरची, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद देणाऱ्या गाडीची, कल्पना मात्र तिची स्वतःची नव्हती. ‘होप’ नावाच्या एका लहान कंपनीने ‘ओएन ३६०’ ही गाडी बनवली होती. ती फारशी खपली नाही आणि १९६८ मध्ये तिचे हक्क सुझुकीने विकत घेतले. त्यातून १९७० मध्ये पहिली जिम्नी, म्हणजे ‘एलजे १०’, बाजारात आली. जपानमध्ये ‘केई’ वर्गातल्या गाडीला कर कमी लागतो, पण त्या काळी तिची लांबी ३ मीटरच्या आणि इंजिन ३६० सीसीच्या आत असावे लागे. मागे बाहेरून स्टेपनी टांगली तर लांबी मर्यादेबाहेर जाई, म्हणून ती आत, मागच्या सीटच्या जागी ठेवली गेली आणि गाडी तीन जणांची झाली. स्टेपनीपायी एका माणसाची जागा गेली, हा हिशेब मला फार आवडतो.

मारुती उद्योगाशी सुझुकीचा करार २ ऑक्टोबर १९८२ रोजी झाला, डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि १९८५ च्या अखेरीस जिप्सी. ‘एसजे ४१०’ या जपानी गाडीची ती लांबवलेली आवृत्ती होती आणि तिचे इंजिन ९७० सीसीचे होते. १९९६ मध्ये १.३ लिटरचे इंजिन घेऊन ‘जिप्सी किंग’ आली, २००० च्या सुमारास पेट्रोल व हवा मिसळून देणारा कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मोजून पेट्रोल सोडणारी यंत्रणा, आली, आणि २०१९ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी तिची विक्री थांबली.

लिहिताना गाडी कोणत्या सालची, ती कुठे चालवली आणि हलकेपणाचा कुठे उपयोग झाला व कुठे तो नडला, एवढे कृपया सांगावे. किमतींची चर्चा इथे नको.

परभणी, जिप्सी

आमची गाडी वडिलांनी लष्कराच्या लिलावातून आलेली घेतली होती, आणि ती घेण्याचे कारण हौस नव्हे, तर शेत. आमचा आखाडा, म्हणजे शेतातले घर, गावापासून साडेतीन किलोमीटर आत आहे आणि वाट सगळी काळ्या मातीची. ज्यांनी भिजलेल्या काळ्या मातीत गाडी घातलेली नाही, त्यांना हे समजणे अवघड आहे: ती माती चाकाखाली राहत नाही, चाकाबरोबर फिरते, दर फेऱ्याला एक थर चढवते आणि शेवटी चाक व मडगार्ड यांच्यामध्ये ठासून बसते. मग चाक फिरतच नाही. जिप्सीत कायम एक जुना विळा ठेवलेला असतो. दर पाचशे पावलांवर उतरायचे, विळ्याने माती खरवडायची आणि पुढे निघायचे.

माझी पहिली फजिती सांगतो. पुढच्या दोन्ही चाकांचे हब (चाकांच्या मधोमध असणारे, त्यांना आसाशी जोडणारे भाग) हाताने फिरवून ‘लॉक’ करावे लागतात, हे मला सांगितलेले असूनही मी नुसता दांडा ओढून फोर-व्हील लावले आणि अर्धा तास एकटी मागची चाके फिरवत राहिलो. वडील बांधावर उभे राहून शांतपणे पाहत होते. शेवटी त्यांनी चपला काढल्या, चिखलात उतरून दोन्ही हब फिरवले आणि एक शब्दही न बोलता परत बांधावर जाऊन उभे राहिले.

सातारा, निवृत्त सैनिक

माझ्या नावावर जिप्सी कधीच नव्हती, तरी पंधरा वर्षे तिच्यातच बसलो, म्हणून लिहितो. लडाखमध्ये आमच्याकडे सुरुवातीला कार्बोरेटरच्या गाड्या होत्या. उंचीवर हवा विरळ होते, पेट्रोल मात्र तेवढेच येते, त्यामुळे मिश्रण दाट होऊन गाडी काळा धूर सोडते आणि चढावर दम टाकते. एमपीएफआयच्या गाड्या आल्यावर हा प्रकार बराच कमी झाला. पहाटे हातमोजे काढल्याशिवाय हब पकडता येत नसे आणि हातमोजा काढून धरला तर धातूला बोटे चिकटल्यासारखी वाटत, हे आजही आठवते. मागच्या समोरासमोरच्या बाकांवर बसलेल्यांचे गुडघे एकमेकांत अडकत आणि पाट्यांचा प्रत्येक दणका थेट मणक्याला कळे. पण अरुंद वाटेवर समोरून ट्रक आला, तर मोठी गाडी मागे घेताना जीव टांगणीला लागतो तसा हिच्यात लागत नसे.

चिलीतल्या दोघांनी एप्रिल २००७ मध्ये फेरफार केलेली सुझुकी सामुराई, म्हणजे जिप्सीची बहीणच, ओहोस देल सालादो या ज्वालामुखीवर ६,६८८ मीटरपर्यंत नेली होती. लडाखमधली खारदुंग ला ही खिंड ओलांडताना आम्हाला जो काही अभिमान वाटे, तो हा आकडा वाचून थोडा कमी झाला.

मोहर्ली, ताडोबा

माझ्याकडे दोन जिप्सी आहेत आणि दोन्ही सफारीवर चालतात. सहा पर्यटक, गाइड आणि चालक, असा आठ जणांचा भार घेऊन धुळीच्या वाटेवर रोज दोन फेऱ्या केल्यावर हलक्या गाडीचा हलकेपणा कागदावरच राहतो. तरी इथे तिला पर्याय चटकन सापडत नाही, याचे मुख्य कारण म्हणजे ती गप्प उभी राहू शकते. चितळाचा किंवा वानराचा कॉल, म्हणजे वाघ जवळ असल्याचा इशारा देणारा आवाज, ऐकू आला की आम्ही इंजिन बंद करतो. कॉल कोणत्या बाजूने सरकतो आहे हे दोन-तीन मिनिटे कान देऊन ऐकावे लागते, आणि मग पेट्रोलचे इंजिन जेवढ्या हळू आवाजात सुरू होते तेवढे जनावर बिचकत नाही. हूड (कापडी छत) काढलेले असल्यामुळे चारही बाजू मोकळ्या राहतात, हा दुसरा फायदा.

विक्री थांबल्यापासून जुन्या गाड्या सांभाळणे हाच खरा धंदा झाला आहे. गेल्या वर्षी एका दुकानदाराने नवे म्हणून विकलेले पाटे दीड महिन्यात बसले. काढून पाहिले तर जुन्या पाट्यांवर काळा रंग मारलेला होता. तेव्हापासून पाटा घेताना मी नखाने रंग खरवडून बघतो.

फिनिक्स, ॲरिझोना, सामुराई

१९९१ मध्ये विद्यार्थी असताना मी १९८७ सालची वापरलेली सामुराई घेतली, कारण खिशाला परवडणाऱ्या गाड्यांत टप काढता येणारी तेवढीच होती. तिला इथे एक वेगळाच इतिहास आहे. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या मासिकाने १९८८ मध्ये अचानक वळवल्यास ती कलंडू शकते असे सांगून तिला ‘अस्वीकारार्ह’ ठरवले. केंद्रीय वाहतूक सुरक्षा खात्याने गाड्या परत बोलावण्याची मागणी त्याच वर्षी फेटाळली. कंपनीने १९९६ मध्ये मासिकाच्या संस्थेवर दावा लावला आणि २००४ मध्ये तो सामोपचाराने मिटला. कोण बरोबर होते यावर मी मत देणार नाही, पण उंच, अरुंद आणि हलकी गाडी कशी चालवायची नसते, ते मी त्या गाडीवर शिकलो. मोठा ट्रक शेजारून गेला की स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरावे लागे, आणि वाळवंटातल्या आडव्या वाऱ्यात ताशी पासष्ट मैलांचा वेग हाच मोठा पराक्रम वाटे. वाळूच्या कोरड्या ओढ्यात मात्र मित्रांच्या पिकअप गाड्या तळापर्यंत बसत आणि मी वरून निघून जाई. सुझुकीने २०१२ मध्ये अमेरिकेतली मोटारविक्री बंद करत असल्याचे जाहीर केले, तोवर माझी गाडी केव्हाच भंगारात गेली होती.

रत्नागिरी, ब्रेझा

माझी २०१७ सालची डिझेल ब्रेझा फोर-बाय-फोर नाही, त्यामुळे इथे लिहावे की नाही असा प्रश्न पडला होता. परंतु धागाकर्त्यांनी ३ मीटरच्या मर्यादेची जी गोष्ट सांगितली, तिचेच भारतीय रूप म्हणजे माझी गाडी आहे. आपल्याकडे ४ मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनच्या गाडीला कर कमी, आणि ब्रेझाची लांबी ३,९९५ मिलिमीटर, म्हणजे मर्यादेच्या आत अर्धा सेंटिमीटर. मी शिक्षिका आहे. गाडी कोल्हापूरच्या फेऱ्यांना आणि सासूबाईंच्या उपचारांना वापरली गेली. आंबा घाटात धुके उतरले की दुसऱ्या गिअरमध्ये ती निमूट चढते, आणि सासूबाईंच्या गुडघ्यांना सीटची उंची नेमकी सोयीची पडते: खाली वाकावे लागत नाही, वर चढावेही लागत नाही. आतापर्यंत १,१२,००० किलोमीटर झाले आहेत.

जपान, केई जिम्नी

मी नोकरीनिमित्त नागोयाजवळ राहतो. २०१८ च्या नव्या जिम्नीला इथे इतकी मागणी होती की माझा नंबर लागायला वर्षाहून अधिक काळ गेला. ६५८ सीसीचे टर्बो इंजिन आणि केई वर्गाची पिवळी नंबरप्लेट. वार्षिक कर १०,८०० येन. नागानोच्या डोंगरात बर्फ पडल्यावर हिवाळी टायर लावून फोर-व्हीलचा दांडा ओढला की ती तिथल्या चढावर सहज जाते, पण महामार्गावर चढण आली की मी मुकाट्याने डावीकडच्या लेनमध्ये जातो.

हामामात्सुला सुझुकीचे संग्रहालय आहे, तिथे मोटारींच्या आधी माग पाहायला मिळतात. माझे आजोळ इचलकरंजीचे असल्याने मी मोटारींपेक्षा तिथेच जास्त वेळ रेंगाळलो. गुरुग्रामच्या कारखान्यात बनलेली पाच दारांची जिम्नी जानेवारी २०२५ मध्ये इथे ‘नोमाड’ नावाने जाहीर झाली, आणि चार दिवसांत सुमारे ५०,००० मागण्या आल्यामुळे कंपनीला नोंदणीच थांबवावी लागली. माझ्या शेजाऱ्यांनी तिसऱ्या दिवशी नोंदणी केली. ते मला भेटले की गाडी भारतातून निघाली का, असे विचारतात.

पुणे, पाच दारांची जिम्नी

जून २०२३ मध्ये भारतात आली तेव्हाच घेतली. १.५ लिटरचे इंजिन, लॅडर फ्रेम (शिडीसारखी मजबूत चौकट), आणि हब आता आपोआप जोडले जातात, त्यामुळे परभणीकरांच्या वडिलांसारखे चिखलात उतरावे लागत नाही. मागच्या दारावरची स्टेपनी धरून ती ३,९८५ मिलिमीटरमध्ये बसवल्यामुळे डिकी जेमतेम २०८ लिटरची आहे. चौघांचे सामान घेऊन भंडारदऱ्याला जाताना एक बॅग नेहमी कुणाच्या तरी मांडीवर असते. हौसेने मी मूळचे अरुंद टायर काढून रुंद टायर बसवले. दिसायला गाडी भारदस्त झाली, पण मायलेज लिटरला दीड-दोन किलोमीटरने घटले आणि मुळशीकडच्या चिखलात ती पूर्वीपेक्षा लवकर घसरू लागली. याचे कारण कुणी सांगेल का?

परभणी, पुन्हा

पुण्याच्या सदस्यांसाठी. अरुंद टायर वरचा चिखल कापून खालच्या घट्ट थरावर टेकतो, तर रुंद टायर, विशेषतः हलक्या गाडीखाली, वरच तरंगत राहतो. वाळूत तरंगणे चांगले, चिखलात नाही. मूळचे टायर विकले नसतील तर जून ते ऑक्टोबर तेच लावावेत. आणि विळा ठेवावा.