पत्रकात 'समता, घर, बस' छापलंय, यातलं नगरसेवकाच्या हातात किती असतं?

सिंहगडरोडकर
१५ जानेवारी २०२६ ला पुणे मनपाचं मतदान, आमच्या प्रभागात चार नगरसेवक म्हणून चार मतं द्यायचीत. काल सोसायटीत एक उमेदवार येऊन गेला, नवीन पोरगा आहे, शिकलेला वाटला. पत्रकात तीनच मुद्दे: सगळ्यांना सारखं शहर, परवडणारं घर, चांगली बस. देवदर्शनाच्या सहली, पैठणीचे खेळ असलं काही नाही म्हणून बरं वाटलं. पण आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी ते पत्रक उलटसुलट बघितलं आणि विचारलं, दादा, घर हा देणार का, आमच्या वस्तीत एसआरएचं (झोपडपट्टी पुनर्वसनाचं) किती वर्षं नुसतं चाललंय. मला काही उत्तर देता येईना. पुणे मनपाचा नगरसेवक खरंच हे करू शकतो का?

पेठेतला_म्हातारा
घर तो देणार नाही, सांगून टाका मावशींना. एसआरए हे राज्य सरकारचं प्राधिकरण, पुणे आणि पिंपरीसाठी २००५ पासून वेगळं आहे, पात्र-अपात्र तिकडेच ठरतं. झोपडी १ जानेवारी २००० च्या आधीची असल्याचा पुरावा असेल तर घर फुकट, त्यानंतरची पण १ जानेवारी २०११ पर्यंतची असेल तर पैसे भरून. नगरसेवक फार तर कागद गोळा करायला मदत करेल आणि बिल्डरने नवं घर होईपर्यंतचं भाडं थकवलं तर चार माणसं घेऊन जाईल. ते पण कमी नाही म्हणा. पण मावशींकडे जुनं लाइट बिल सापडतंय का ते आधी बघा, पत्रक नंतर.

रोज_बसनेच
काका घराचं बरोबर बोलले, पण बसचं वेगळं आहे, तिथे याला धरता येतं. पीएमपीएमएल ही बस कंपनी २००७ ला पुण्याची पीएमटी आणि पिंपरीची पीसीएमटी एकत्र करून झाली, तोटा भरतात दोन्ही महापालिका, पुणे ६० टक्के आणि पिंपरी ४०, आणि पुण्याचा वाटा ज्या बजेटमधून जातो ते मुख्य सभेत, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेत पास होतं, म्हणजे याच्या मतावर. महापौर आणि स्थायी समितीचे अध्यक्ष तर कंपनीच्या संचालक मंडळावरच असतात. आता बघा, जून २०२५ ला भाडं वाढलं, पाचचं तिकीट दहा झालं, दिवसाचा पास ४० चा ७०, महिन्याचा ९०० चा थेट १५००. तेव्हा महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता, मार्च २०२२ पासून प्रशासकच चालवत होते, मग विचारणार कुणाला. जवळच भांडी घासायला जाणाऱ्या बाईचं तिकीट एका दिवसात दुप्पट झालं, समता म्हणतोय ना तो, मग इथूनच सुरू कर म्हणावं. मेट्रो स्वस्त करतो म्हणाला तर मात्र हसून सोडून द्या, ती महामेट्रोची, केंद्र आणि राज्याची कंपनी.

बाकडंप्रेमी
तुम्ही लोक फार भोळे बुवा. अधिकार असतात हो, वापरतं कोण. २०१८ ला मुख्य सभेत पार्किंग धोरण पास झालं, पाच रस्त्यांवर पैसे घेऊन पार्किंग करायचं ठरलं, आणि ते कागदावरच राहिलं. गाडीवाल्यांना दुखवायला कुणी तयार नाही. नगरसेवकाचा खरा जीव 'स' यादीत, म्हणजे आपल्या प्रभागातल्या छोट्या कामांचा पैसा. आमच्याकडे मागच्या टर्मला फुटपाथचे चांगले ब्लॉक उखडून परत ब्लॉकच बसवले, मधला विजेचा डीपी बॉक्स होता तिथेच, म्हणजे आजीबाई आल्या की परत रस्त्यावर उतरणार. वर एक लोखंडी बाकडं, त्यावर नाव एवढं मोठं की टेकून बसलं तर पाठीवर उमटेल.

रोज_बसनेच
बाकड्याला शंभर टक्के अनुमोदन 😀

सिंहगडरोडकर
धन्यवाद सगळ्यांना. आज त्याच्या कोपरासभेत जाऊन विचारलं, निवडून आलात तर पंधराशेच्या पासाचं काय, बजेटमध्ये मागणार का. दोन सेकंद गप्प झाला, मग म्हणाला ती पीएमपीची कंपनी वेगळी असते सर, आपल्या अखत्यारीत येत नाही. मी म्हटलं साठ टक्के तोटा आपणच भरतो की. शेजारच्या कार्यकर्त्याकडे बघितलं त्याने, कार्यकर्ता पुढे आला आणि माझा मोबाइल नंबर लिहून घेतला. आता प्रचाराच्या ग्रुपवर रोज सकाळी सुप्रभात येतंय.

मावशींना २००६ चं लाइट बिल सापडलं. म्हणजे पैसे भरून.