समुद्र कोळ्यांचा, म्हणून कचराही कोळ्यांचाच?

वेसावकर

परवापासून एक पोस्ट सगळ्या ग्रुपवर फिरतेय, तुमच्याकडेही आली असेल. समुद्रावर कोळ्यांचं पोट चालतं, तेव्हा किनारा नि खाडी साफ ठेवणं ही आधी कोळीवाड्यांची जबाबदारी, उठसूट महापालिकेच्या नावानं ओरडू नका, दर रविवारी एक तास दिलात तरी पुरे, असा सल्ला आहे त्यात. वाचून डोकं तापलं म्हणून हे लिहितोय.

आमची डोल म्हणजे पिशवीसारखं जाळं. ती पाण्याच्या ओढीला तोंड करून बांधतात, पाणी आणेल ते आत शिरतं. बोंबील, करंदी, जवळा यायचा त्यात आता पिशव्या, शाम्पूच्या नि गुटख्याच्या पुड्या, थर्माकोल, डायपर. १ ऑगस्टला पावसाळी मासेमारी बंदी उठल्यावरच्या पहिल्या फेऱ्यांना तर मासळी कमी आणि हेच जास्त, कारण पावसानं दोन महिने सगळे नाले धुऊन समुद्रात ओतलेले असतात. जाळं जड होतं, ओढताना फाटतं, बोटीच्या पंख्याला पिशव्या गुंडाळल्या की इंजिन बंद, मग कुणीतरी सुरी घेऊन पाण्यात उतरायचं. डिझेल आमचं, जाळं आमचं, घरी आई आणि वहिनी जवळ्यातून प्लास्टिकचे तुकडे बोटांनी वेचत बसतात तो वेळही आमचाच. रविवारचा एक तास कुणाला सांगता? आम्ही रोज समुद्र साफ करतोय आणि त्याचा एक पैसा मिळत नाही.

हा कचरा येतो कुठून तेही बघा. वेसावा, म्हणजे वर्सोवा, मालाड खाडीच्या तोंडावर. पोईसर आणि ओशिवरा दोन्ही नद्या याच खाडीला मिळतात, म्हणजे कांदिवलीपासून जोगेश्वरीपर्यंत जे नाल्यात पडतं ते ओहोटीला आमच्या दारावरून बाहेर आणि भरतीला परत वाळूवर. अफरोज शाहांनी २०१५ ला वर्सोव्याचा किनारा उपसायला घेतला, २०१६ ला संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा गौरव केला, त्या माणसाबद्दल आदरच आहे. पण किनारा साफ केला की पुढच्या पावसाळ्यात नवीन थर येतोच, हे त्यांच्याबरोबर हात घाण केलेला कुणीही सांगेल.

माझं म्हणणं एवढंच. केरळात नींदकरा बंदरात २०१७ ला मच्छीमार जाळ्यात आलेलं प्लास्टिक बंदरावर आणून द्यायला लागले, ते धुऊन बारीक करून रस्त्याच्या डांबरात घातलं. आपल्याकडे कासव सोडवायला जाळं कापलं तर सरकार भरपाई देतं, चांगलीच गोष्ट आहे. तसेच बंदरावर आणलेल्या प्लास्टिकचे किलोमागे पैसे द्या, आणि ते महापालिकेच्या तिजोरीतून नको, पुड्या विकणाऱ्या कंपन्यांकडून वसूल करा.

सेक्रेटरी मालाड

ती पोस्ट मी लिहिलेली नाही पण तिच्यात तथ्य आहे. कंपनी येते का खाडीत पाकीट टाकायला? टाकतो माणूस. आमच्या सोसायटीच्या मागून नाला जातो, पलीकडच्या वस्तीतून रोज सकाळी पिशव्या थेट नाल्यात, मी वॉर्ड ऑफिसला अर्ज करून थकलो. पुलावर गाडी थांबवून निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीसकट खाली सोडणारे तर चांगले शिकलेले लोक. राज्याच्या २०१८ च्या प्लास्टिकबंदीत दंड ठेवलाय ना, पहिल्यांदा ५ हजार, मग १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि तीन महिने कैद. तो लावा आधी. आणि मच्छीमारांनी हात झटकू नयेत. पॅसिफिकमधल्या त्या मोठ्या कचऱ्याच्या पट्ट्यात वजनानं ४६ टक्के मासेमारीची जाळी निघालीत, २०१८ चाच अभ्यास आहे. त्यावर एक अक्षर नाही तुमच्या लेखात.

नाल्याकाठची

सेक्रेटरी काका, ती "पलीकडची वस्ती" म्हणजे आम्ही. आता ऐकून घ्या. घंटागाडी आमच्या गल्लीत शिरूच शकत नाही. मेन रोडवर एक मोठा डबा होता, तो वास येतो म्हणून सोसायट्यांनी तक्रारी करून उचलायला लावला. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं, ओला-सुका वेगळा करून ठेवायचा कुठे, उशाशी? पावसाळ्यात नाला तुंबला की पाणी आमच्या घरात येतं, तुमच्या तिसऱ्या मजल्यावर नाही, त्यामुळे नाल्याची काळजी आम्हाला जास्त आहे.

अजून एक. माझी आई कचरा वेचते. पाण्याची बाटली भंगारात जाते, दुधाची पिशवी जाते, चिप्सचं पाकीट भंगारवाला हातात धरत नाही. मग ती ते उचलेल कशाला, तिचं पाठीवरचं ओझं वाढवायला? आमच्या नाल्यात वाकून बघा, ज्याला भाव आहे ते फार दिसणार नाही, ज्याला भाव नाही त्याचाच थर आहे.

सेक्रेटरी मालाड

मी कुणाला व्यक्तिशः बोललो नव्हतो. डबा हलवायचा अर्ज आमच्या कमिटीच्या आधीच्या लोकांनी केला होता. पण गरीब आहोत म्हणून नाल्यात टाकू हे मला मान्य नाही, आम्हीही चाळीतूनच आलोय, आमची आई कचरा घेऊन कोपऱ्यापर्यंत जायची.

नाल्याकाठची

कोपऱ्यावर डबा होता म्हणून जायची.

मीनल फ्रँकफर्ट

नाल्याकाठची ताई बोलल्या तोच मुद्दा आहे, भाव. इथे जर्मनीत प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत भरावी लागते, दुकानातल्या मशीनमध्ये बाटली टाकली की पैसे परत. कुणी बागेत टाकून गेलंच तर दुसरा उचलून नेतो. आपल्याकडे २०१८ ला दुधाच्या पिशवीमागे ५० पैसे परत द्यायचं ठरलं होतं, त्याचं पुढे काय झालं?

अरुणा दादर

काय होणार, मी पिशव्या धुऊन वाळवून दुधवाल्याकडे नेल्या तर तो म्हणाला काकू मला वरून काही आलेलं नाही. ठेवल्या घरात आणि शेवटी भंगारात दिल्या. आणि सगळ्यांना हात जोडून सांगते, पिशवीचा कोपरा पूर्ण कापून वेगळा करू नका, नुसती चीर द्या. पिशवी विकली जाते पण तो एवढासा त्रिकोण कुणीही वेचत नाही, तो मोरीतून थेट गटारात. मुंबईत रोज किती पिशव्या फुटतात विचार करा. आरेच्या काचेच्या बाटल्या होत्या तेव्हा पहाटे केंद्रावर रिकामी द्यायची, भरलेली घ्यायची, कचरा म्हणाल तर ते पातळ पत्र्याचं झाकण. ते बंद केलं कुणाच्या सोयीसाठी? आमच्या तर नाही.

डेअरी सांगली

काकू, मी डेअरीत काम करतो, तुमची आठवण गोड आहे पण काच परवडत नाही. बाटली परत आली की कॉस्टिकनं नि गरम पाण्यानं धुवायची, ते पाणी परत प्रक्रिया करून सोडायचं, शंभरातल्या काही फुटणारच, वजनामुळे गाडीत दूध कमी आणि काच जास्त. आम्ही सांगलीहून मुंबईला काचेतून दूध पाठवलं तर लिटरमागे दर कुठे जाईल? मग तुम्हीच ओरडाल आणि शेतकऱ्याचा दर कापला जाईल, तो तर आधीच रडतोय.

अरुणा दादर

सांगलीहून दूध टँकरनं येतं हो, पिशवीत भरतात ते मुंबईच्या आसपास. मग काच फक्त भरण्याच्या ठिकाणापासून आमच्या दारापर्यंतच फिरणार ना? शेतकऱ्याला मध्ये आणू नका, पिशवी स्वस्त पडली त्यातले किती पैसे त्याला दिलेत?

डेअरी सांगली

बरं, टँकरचं तुमचं बरोबर आहे, मोठ्या डेअऱ्यांचं. पण सकाळी सात वाजता दोन जिने चढून दूध टाकणारा पोरगा काचेचे क्रेट उचलेल का ते त्याला विचारा. ५० पैशांची योजनाही तिथेच अडकली, विक्रेत्याचं कमिशन मुळात तुटपुंजं, त्यात वास मारणाऱ्या पिशव्या मोजायच्या, ठेवायच्या, हिशोब ठेवायचा, हे सगळं फुकट. तो का करेल?

वेसावकर

म्हणजे बघा, शेवटच्या माणसानं फुकट करायचं हेच पुन्हा. दुधवाल्यानं फुकट, वेचणारीनं फुकट, कोळ्यानं फुकट. त्याला मोजणीचे पैसे दिले असते तर योजना चालली असती.

नाना डोंबिवली

धागा समुद्राचा, अर्धा गेला दुधात. पण मीही बोलतो, आमच्याकडे भांडं घेऊन सुटं दूध आणतात अजून, भेसळीची भीती दाखवून तेही बंद पाडतील. आता मुद्द्यावर. नद्यांतून समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी ९० टक्के जगातल्या १० नद्यांतून जातं असं लोक अजून सांगतात, ते २०१७ चं झालं. २०२१ च्या अभ्यासात हजाराच्या वर नद्या मिळून ८० टक्के असं निघालं, आणि शहरातून जाणाऱ्या छोट्या नद्या फार वर आल्या. त्यात आमची उल्हास अगदी वरच्या नंबरात आहे. हीच उल्हास आम्ही पितो! वरून सांडपाणी सोडायचं, मग जलपर्णी माजते, जलपर्णीत पिशव्या अडकतात, मग जलपर्णी काढायची टेंडरं निघतात. मुंबईच्या मिठी नदीतही तेच, गाळ काढल्याच्या बिलांत ६५ कोटींच्या घोटाळ्याचा गुन्हा २०२५ ला दाखल झाला. कंपन्यांकडून पैसे घ्याल, पण ते खर्च करणार कोण, हेच ना?

पॅकेजिंगवाला

सगळे कंपन्यांच्या मागे लागलेत म्हणून लिहितो, मी याच धंद्यात आहे. पाकिटाला थर असतात ते हौस म्हणून नाही, दमट हवेत बिस्किट आठवड्यात मऊ पडतं. आणि पुडीला शिव्या देण्याआधी बघा ती घेतं कोण. जालन्याजवळ आमचं गाव, आई मजुरीला जायची, हातात रोजचे पैसे, शंभराची बाटली एकदम कधी घेता आली नाही तिला, पुडी आली तेव्हा पहिल्यांदा घरात शाम्पू आला. ती पुडी बंद करा म्हणणारे बहुतेक बाटली परवडणारे असतात. शिवाय २०२२ पासून कंपन्यांना जेवढं विकलं त्यातलं ठरलेल्या टक्क्यांनी परत गोळा करायची सक्ती आहे, पाकिटांचा वर्ग वेगळा धरलाय. कायदा आहे.

वेसावकर

दादा, तुमच्या आईबद्दल वाचलं, पुडी बंद करा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. पण त्या कायद्यात हिशोब प्रमाणपत्रावर चालतो. कुठल्यातरी राज्यात कुणीतरी पाकिटं गोळा करून सिमेंटच्या भट्टीत जाळली की इकडे कंपनीचा कोटा पूर्ण, मालाड खाडीतली पुडी होती तिथेच. खोटी प्रमाणपत्रं सापडली म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला कारवाई करावी लागली तेही तुम्हाला माहीत असेल. माझी मागणी साधी आहे, हिशोबात बंदरावरच्या वजनकाट्यावर भरलेलं वजन धरा. पाकिटाला भाव आला की नाल्याकाठच्या ताईंची आई ते समुद्रापर्यंत येऊच देणार नाही.

आणि सेक्रेटरी साहेब, जाळ्यांचं. पॅसिफिकच्या मध्यावर वर्षानुवर्षं तरंगत राहतात ती जाळी, माझ्या डोलीत येतात त्या पुड्या. फाटकी जाळी समुद्रात सोडून येणारे आमच्यातही आहेत, ट्रॉलरवर जास्त, ते मी लपवत नाही. तीही त्याच काट्यावर घ्या, पैसे द्या, मग बघा एक तरी जाळं समुद्रात राहतं का.

पॅकेजिंगवाला

बंदरावरचं प्लास्टिक खारट, ओलं, वाळूनं भरलेलं, भट्टीवालेसुद्धा नाक मुरडतील. धुवायचा खर्च धरलात तरच जमेल. तो खर्च कंपनीवर टाकायला माझी ना नाही, पण तो शेवटी पुडीच्या किमतीत येणार आणि आमच्या गावातली बाई भरणार हे विसरू नका.

नाल्याकाठची

दहा पैसे वाढू देत. आत्ता ते आमच्या घरात शिरलेल्या पाण्यात भरतोच आहोत.

सेक्रेटरी मालाड

दंडाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. बंदी आली तेव्हा किराणावाल्यांनी गलका केला आणि आठवड्याच्या आत सूट मिळाली, सरकारच असं ढिलं पडलं तर लोक का ऐकतील? राहिला डबा. मेन रोडवर तो परत ठेवावा आणि दिवसातून दोनदा उचलावा असा अर्ज कमिटीकडून जाईल. विरोध होणार आहे, आमच्याच लोकांचा. पण देतो.

नाल्याकाठची

अर्ज दिलात की पोचपावतीचा फोटो इथे टाका. आमच्या गल्लीतल्या बायकांच्या सह्या हव्या असतील तर रविवारी संध्याकाळी या, सगळ्या घरी असतात.

अरुणा दादर

आणि कोपरा कापू नका.